हिंदू संघातील बेबनाव

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत ज्याचे बालपण गेले, त्याला खेळातील ईर्षा म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. पेठेला लागून शाहू छत्रपतींनी बांधविलेले खासबागेचे कुस्तीचे मैदान, पेठेत जागोजागी तालमी, आणि त्या तालमींनी कुस्तीच्या जोडीने पोसलेले फुटबॉलचे संघ, असा जेथे परिसर आहे तेथे पेठ विरुद्ध पेठ हा सामना लहानमोठ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय असावा, यात नवल नाही. परंतु या पेठेतील जुनीजाणती माणसे एक गोष्ट पक्की जाणून असतात. समोरच्या संघाशी जडलेले वैर पंचाची अखेरची शिट्टी वाजली की निवळू लागते; एकाच संघातील गड्यांमध्ये पडलेली फूट मात्र सामना जिंकूनही मिटत नाही, आणि त्या फुटीच्या मुळाशी खेळाबाहेरचे कारण असेल तर ती एका पिढीकडून दुसरीकडे वतनासारखी चालत जाते. महाराष्ट्राच्या क्रीडेतिहासात अशा अंतर्गत कलहाचे जे सर्वांत मोठे प्रकरण घडले, ते मुंबईच्या हिंदू क्रिकेट संघात, 1920 च्या आगेमागे. आणि त्याच्या केंद्रस्थानी होते पाळवणकर नावाचे चार भाऊ.

पाळवणकरांचे मूळ गाव रत्नागिरीकडचे पाळवण, जात चांभार. वडील फौजेत नोकरीला होते, त्यामुळे कुटुंबाचा मुक्काम फिरता असे. थोरले बाळू 1876 साली धारवाडास जन्मले आणि पुण्यात वाढले. शिवराम, विठ्ठल व गणपत हे त्यांचे धाकटे बंधू. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू हेच या मुलांचे पहिले क्रीडासाहित्य. बाळूंचा मैदानावरील प्रवेश खेळाडू म्हणून झालाच नाही. पारशी मंडळींच्या एका क्लबात मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरविणे, या कामासाठी दरमहा तीन रुपये मुशाहिऱ्यावर ते लागले. आणि 1892 च्या सुमारास साहेब लोकांच्या पूना क्लबात दरमहा चार रुपयांवर रुजू झाले. तेथे जाळी बांधणे, रेघा आखणे, रूळ ओढणे या कामांबरोबर साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे हेही त्यांच्याकडे आले, आणि त्या नित्याच्या मेहनतीतून डाव्या हाताने मंदगतीने फिरकी टाकणारा, ज्याच्या चेंडूचा टप्पा आणि वळण यांचा अंदाज भल्याभल्यांना येऊ नये असा एक असामान्य गोलंदाज घडत गेला. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तासचे तास त्यांच्याकडून गोलंदाजी करवून घेई, आणि आपल्याला बाद केल्याबद्दल प्रत्येक वेळी आठ आणे बक्षीस देई, अशी आख्यायिका आहे. मात्र ज्या क्लबात बाळूंनी हजारो चेंडू टाकले, तेथे त्यांच्या हाती बॅट क्वचितच दिली गेली. गोलंदाजी हे चाकरीचे काम आणि फलंदाजी हा सरदारी शौक, अशी तेव्हाची समजूत होती.

साहेबांच्या संघाशी दोन हात करू पाहणाऱ्या पुण्याच्या हिंदू मंडळींपुढे या माणसाने एक अवघड सवाल उभा केला. त्यांना जिंकावयाचे होते, आणि जिंकून देणारा गोलंदाज गावातच होता. पण तो चांभार होता. संघातील तेलुगू सभासद त्याला घ्यावे या मताचे होते, पुणेरी ब्राह्मण सभासद विरोधात होते, आणि बराच खल झाल्यानंतर बाळूंना घेण्याचा निर्णय झाला. पण तो कोणत्या अटींवर! मैदानावर ज्या चेंडूला बाळूंचा हात लागे, तोच चेंडू उच्चवर्णीय हातही झेलीत. चहाच्या सुट्टीत मात्र बाकीचे गडी पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत असताना बाळूंचा चहा बाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून येई. हातपाय धुण्याचे पाणी त्यांना एखाद्या अस्पृश्य नोकराकरवी मिळे, आणि जेवणाचे ताट वेगळ्या मेजावर मांडले जाई. प्रतिपक्षाचे सात गडी टिपणाऱ्या माणसाने आपल्याच संघसोबत्यांपासून दूर, उन्हात उभे राहून चहा प्यावा, यापेक्षा मोठी मानखंडना खेळाडूच्या वाट्याला दुसरी कोणती येणार? आणि तरीही बाळूंनी दुसऱ्या दिवशी पहिल्या चेंडूपासून जीव ओतून गोलंदाजी केली, ही गोष्ट मला त्यांच्या सर्व बळींपेक्षा मोठी वाटते.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध पुण्याचा संघ खेळावयास गेला तेव्हा बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टी मुद्दाम कित्येक दिवस रूळ फिरवून कठीण केली होती. तीवरही बाळूंनी सात बळी घेतले. या विजयानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात त्यांचा जाहीर गौरव केला, आणि ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर खाणेपिणे का करू नये, असा रोकडा प्रश्न सभेपुढे मांडला. लोकमान्य टिळकांनीही एका समारंभात त्यांना हार घातला, असे सांगतात. सुधारक आणि राष्ट्रवादी या दोन्ही पक्षांच्या अध्वर्यूंनी ज्याला मान दिला, त्याला संघाच्या मेजावर जागा मिळण्यास मात्र अद्याप अवकाश होता.

पुण्यात 1896 नंतर प्लेगने थैमान घातले आणि पाळवणकर कुटुंब मुंबईस गेले. तेथील परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही काही गुजराती सभासदांनी हरकत घेतली. परंतु कप्तान कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि बाळूंचा प्रवेश झाला. पाठोपाठ शिवरामही आले. मग 1906 चा फेब्रुवारी उजाडला. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर युरोपियनांशी हिंदूंचा सामना झाला. हिंदूंनी 242 व 160 धावा केल्या. युरोपियनांचे डाव 191 आणि 102 धावांत आटोपले, आणि 109 धावांनी हिंदू विजयी झाले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले. वंगभंगाच्या चळवळीने तापलेल्या त्या काळात या विजयाचे मोल क्रिकेटपुरते राहिले नाही, हे उघडच आहे. संघाच्या आत त्याहून महत्त्वाची गोष्ट घडली. मुंबईच्या हिंदू संघाने पाळवणकर बंधूंना आपल्या पंक्तीला घेतले. पुण्याचे मातीचे भांडे मुंबईत गळून पडले. त्या वेळच्या सुधारकी पत्रांनी जितांनी जेत्यांना हरविल्याच्या आनंदाइतकेच महत्त्व या सहभोजनाला दिले, ते योग्यच होते.

1911 साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्यात बाळू व शिवराम दोघेही होते. संघ अंतर्यामी एकसंध नव्हता. तरुण महाराजांना दरबारी मेजवान्यांचे आणि राज्यारोहण समारंभाचे आकर्षण अधिक. ते लवकरच संघापासून दूर झाले, आणि त्यांच्या खिदमतीत असलेले के. एम. मिस्त्री, म्हणजे संघातील अव्वल फलंदाज, त्यांच्याबरोबर गेले. उरलेल्यांनी तेवीस सामन्यांपैकी पंधरा गमावले. अशा खिळखिळ्या संघात, पस्तिशीत पोचलेल्या आणि खांदा दुखावलेल्या बाळूंनी दौऱ्यात 114 बळी घेतले. लेस्टरशायरचा पराभव त्यांच्या अकरा बळींनी घडविला, तर सॉमरसेटविरुद्धच्या विजयात शिवरामांच्या शतकाचा मोठा वाटा होता. परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला, आणि त्या सत्कारात भीमराव आंबेडकर नावाच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा पुढाकार होता. अस्पृश्य मुलांच्या त्या पिढीला विद्वान, अधिकारी वा पुढारी अशी उदाहरणे आपल्या समाजात दुर्मीळच. बाळू हे त्यांचे पहिले सर्वज्ञात नाव होते.

आता खरा पेच आला. चेंडू टाकावयास दिला, ताटाला ताट लागले, पण कप्तानपद? गोलंदाजी हे राबणे आहे, पण कप्तानपद ही हुकमत आहे. कोणी कोठे उभे राहावे हे पाळवणकराने सांगावयाचे आणि चित्पावनाने, सारस्वताने, प्रभूने वा वैश्याने निमूट ऐकावयाचे, ही कल्पनाच निवड समितीच्या सभासदांना पचेना. 1912 पासून मुसलमान संघ सामील होऊन युरोपियन, पारशी व हिंदू यांच्या तिरंगी सामन्यांचे चौरंगी सामने झाले, त्यांना मुंबईत अपार लोकप्रियता लाभली, आणि हिंदूंच्या कप्तानाला एखाद्या संस्थानिकाइतकी प्रतिष्ठा मिळू लागली. बाळूंना कप्तान करण्याची मागणी दरसाल होई, त्यांचे नाव दरसाल निघे, आणि दरसाल ते दफ्तरी दाखल होऊन राही. विशेष हे की, ज्यांना हा मान मिळे त्या एम. डी. पै यांना स्वतःलाच तो अन्याय वाटे. 1913 च्या सुमारास त्यांनी जाहीरपणे बोलून दाखविले की, ज्येष्ठता आणि अनुभव पाहता हे पद बाळूंना मिळावयास हवे होते. आपल्या हातातील पदावर दुसऱ्याचा हक्क आहे हे उघड्या सभेत कबूल करणारा सद्‌गृहस्थ त्या काळी विरळा होता, आणि आजही सहजी सापडणार नाही.

1920 साली हे प्रकरण हातघाईवर आले. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंची पहिली गाठ मुसलमान संघाशी होती. पै आजारी पडले. पर्यायी कप्तान नेमणे प्राप्त झाले, आणि संघात तीन पाळवणकर हजर असता निवड समितीने पुण्याच्या दि. ब. देवधरांची नेमणूक केली. तेवढ्यावर न थांबता बाळूंना संघातूनच वगळले. बाळू तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. वयाचे कारण पुढे करता आले असते, आणि तसे ते केलेही गेले असेल. पण ज्या दिवशी कप्तानपद रिकामे होते त्याच दिवशी त्या पदाचा सर्वांत जुना हक्कदार संघाबाहेर निघावा, हा योगायोग होता असे मानावयास फार मोठा भोळेपणा लागेल. शिवराम आणि विठ्ठल हे त्या वेळी संघाचे आधारस्तंभ होते, आणि विठ्ठलांची गणना तर देशातील सर्वोत्तम फलंदाजांत होत असे. दोघांनी सामन्यातून अंग काढून घेतले, आणि आपली कारणे जाहीर निवेदनाने लोकांपुढे ठेवली: खेळात आणि अनुभवात जे आमच्याहून कनिष्ठ, त्यांना आमच्या वर बसविले जाते, आणि याला आमच्या जातीवाचून दुसरे कारण नाही.

या निवेदनाचा परिणाम समितीला अनपेक्षित असा झाला. तो काळच निराळा होता. गांधींचे असहकाराचे आंदोलन सुरू झाले होते, आणि अस्पृश्यतेचा कलंक धुऊन काढावा असा ठराव त्याच वर्षाअखेर नागपूरच्या काँग्रेसमध्ये व्हावयाचा होता. शिवाय मुंबईच्या सामान्य प्रेक्षकाला पाळवणकरांचा खेळ हवा होता, त्यांची जात त्याने कधी विचारली नव्हती. वर्तमानपत्रांत चर्चा झाली, लोकमत बंधूंच्या बाजूने झुकले. हिंदू संघाने मुसलमानांविरुद्धचा सामना तिघा बंधूंवाचून जिंकला खरा, पण अंतिम सामना पारशांशी होता आणि समितीची कोंडी झाली होती. इतक्यात पै बरे झाले. ते कप्तान म्हणून परतले, बाळूंना परत बोलावून उपकप्तान नेमण्यात आले, आणि शिवराम व विठ्ठलही संघात आले. सामना चालू असता पै काही काळासाठी मैदानाबाहेर गेले, आणि बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. पैंनी हे जाणूनबुजून केले, आणि ते ज्यांना कळावयाचे त्यांना कळले. एका सारस्वत ब्राह्मणाने समितीच्या निर्णयाला धक्का न लावता, ठराव न मांडता, नुसते मैदान सोडून एक वहिवाट मोडली. सामना अनिर्णित राहिला आणि विजेतेपद दोन्ही संघांत वाटले गेले.

देवधरांविषयी येथे न्यायाचे दोन शब्द लिहिले पाहिजेत. ते पुढे संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आणि महाराष्ट्राच्या क्रिकेटचे भीष्माचार्य म्हणून मान्यता पावले. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, आणि शंभर वर्षांचे आयुष्य लाभलेला हा पुरुष खेळाच्या निष्ठेत कोणाला हार जाणारा नव्हता. 1920 साली मिळालेले पद त्यांनी नाकारावयास हवे होते का? माझ्या मते हवे होते. पण अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाने न दाखविलेल्या औदार्याचा जाब त्याला विचारताना, ज्यांनी ती नेमणूक केली त्या वयस्कर, प्रतिष्ठित, जिमखान्याच्या दिवाणखान्यात बसणाऱ्या गृहस्थांना मोकळे सोडणे रास्त होणार नाही. कलहाचे खापर नेहमी खेळणाऱ्यांवर फुटते, आणि फूट पाडणारे पंगतीच्या शेवटी सुपारी कातरीत बसतात. भाऊ बाहेर पडले याला तेव्हा बेशिस्त म्हणणारे लोक निघाले, आजही निघतील. मला ती बेशिस्त वाटत नाही. वीस वर्षे निमूट खेळून झाल्यावर, सर्व रीतसर मार्ग संपल्यावर, आपले अंग काढून घेणे एवढे एकच शस्त्र त्यांच्या हाती उरले होते, आणि ते त्यांनी शांतपणे वापरले.

कोल्हापूरच्या माणसाला याच सालची आणखी एक हकिगत या प्रकरणाजवळ ठेवावीशी वाटते. मार्च 1920 मध्ये आमच्या संस्थानातील माणगाव येथे आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली आणि शाहू महाराज तेथे जातीने हजर राहिले. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, सरकारी इमारती, दवाखाने आणि शाळा यांत अस्पृश्यता पाळू नये, असे त्यांचे हुकूम त्याआधीच निघाले होते. त्याच सुमारास गंगाराम कांबळे या, स्पृश्यांच्या हौदाला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या नोकराला महाराजांनी भांडवल देऊन भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढावयास लावले. आणि स्पृश्य गिऱ्हाईक फिरकेना तेव्हा आपली गाडी भर रस्त्यात त्या दुकानासमोर उभी करून स्वतः तेथला चहा घेतला व बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजला. पुण्यात बाळूंचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर येत होता. कोल्हापुरात छत्रपती त्या चहासाठी दुकानाच्या दारात थांबले होते. पण मुंबईच्या जिमखान्यावर कोणाचे फर्मान चालत नव्हते. तेथे समिती होती, घटना होती, मतमोजणी होती. आणि जे काम एका राजाने एका दुपारी केले, ते त्या लोकशाही दिवाणखान्यात करून घेण्यास चार भावांची उमर खर्ची पडली. भाऊसिंगजी रोडवरील त्या चहाचा मला अभिमान आहे. तरीही पाळवणकरांची झुंज मला अधिक कठीण वाटते, कारण त्यांच्या पाठीशी गादी नव्हती.

1920 मध्येच धाकटे गणपत वारले. बाळू त्यानंतर मैदानातून निवृत्त झाले आणि हक्काचा दावा विठ्ठलांकडे आला. पैही निवृत्त झाले होते. 1922 साली कप्तानपद पुन्हा देवधरांना देण्यात आले, विठ्ठल पुन्हा बाहेर राहिले, आणि त्या वर्षी अजिंक्यपद पारशांनी नेले. आपल्या उत्तम फलंदाजाला घरी बसवून पराभव पत्करावा, पण त्याच्या आज्ञेत खेळू नये, या हट्टाची किंमत आता सर्वांना दिसू लागली. 1923 साली अखेर विठ्ठल पाळवणकर हिंदूंचे कप्तान झाले. त्या संघात देवधर होते, सी. के. नायडू होते, आणि नेतृत्वाविषयी कुजबुजणाऱ्यांना उत्तर खेळानेच मिळाले. अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला, आणि उच्चवर्णीयांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेले. 1924 साली मुसलमान संघ जिंकला. 1925 व 1926 ही दोन्ही वर्षे पुन्हा विठ्ठलांच्या हिंदूंची होती. आकाश कोसळले नाही, धर्म बुडाला नाही, आणि ज्यांना या माणसाच्या हुकमतीखाली उभे राहणे अशक्य वाटले होते ते चार वर्षे सुखाने उभे राहिले.

या प्रकरणाचे पडसाद मैदानापलीकडे फार दूर गेले. बाळूंचा राजकीय कल पुढे आंबेडकरांपासून वेगळा झाला. 1932 च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. पण 1937 च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना थेट आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना 13,245 आणि बाळूंना 11,225 मते पडली. ज्याने पंचवीस वर्षांपूर्वी सत्काराला पुढाकार घेतला, त्याच्याशीच मतपेटीवर झुंजावे लागले, ही त्या सालस माणसाच्या आयुष्यातील क्लेशकारक घटना असली पाहिजे. धर्मावार संघ पाडणारी ती स्पर्धा, जी 1937 पासून पंचरंगी झाली होती, ती 1946 च्या मोसमानंतर बंद पडली, आणि ते इष्टच झाले. ज्या चौकटीत माणसाला प्रथम हिंदू, पारशी वा मुसलमान म्हणून मोजले जाई, त्या चौकटीने त्याला पुढे चांभार म्हणूनही मोजावे यात विसंगती कसली? बाळू पाळवणकर 4 जुलै 1955 रोजी मुंबईत निवर्तले. तेहतीस प्रथम श्रेणी सामन्यांत 179 बळी, सरासरी 15.21, एवढी नोंद त्यांच्या नावावर आहे; कप्तान म्हणून एकही सामना त्यांच्या नावावर नाही.

विठ्ठलांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, आणि ते 1948 साली प्रसिद्ध झाले. निवड समितीच्या बंद दाराआड जे घडले त्याची पीडिताच्या बाजूने सांगितलेली ही हकिगत आज फारशी कोणाच्या हाती पडत नाही. जुन्या वाड्यांत, तालमींच्या कपाटांत, निवृत्त शिक्षकांच्या संग्रहात त्याची एखादी जीर्ण प्रत पडून असेल, तर ती ज्याच्याजवळ असेल त्याने करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावी, म्हणजे संघ निवडण्याचा अधिकार ज्यांच्या हाती पुढे येईल त्या आपल्या पेठेतील मुलांना ती वाचता येईल.